तेवढं लिहून द्या

माझा मोबाइल नंबर नाशिकमधल्या अकरा खासगी दवाखान्यांच्या भिंतींवर लागलेला आहे. डॉक्टर म्हणून नाही, पेशंट म्हणूनही नाही. 'तक्रार निवारण कक्ष' म्हणून.

सातपूरला माझं बोर्डांचं दुकान आहे. पूर्वी हाताने रंगवायचो, आता फ्लेक्स, सनबोर्ड, ॲक्रिलिक. लोक अजून 'पेंटर' म्हणतात, पण ब्रश शेवटचा कधी धरला ते मला आठवत नाही. कोरोना ओसरला आणि हुकूम आला की प्रत्येक खासगी दवाखान्याने रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावलीच पाहिजे. आपल्याला काय झालंय ते समजून घ्यायचा हक्क, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क, आपले कागद मागायचा हक्क, असं बरंच काही, आणि सगळ्यात खाली तक्रारीचा नंबर. तपासणी येणार म्हटल्यावर सगळ्यांना बोर्ड एकाच आठवड्यात हवे झाले. मी एक नमुना केला. खालचा नंबर अजून कुणी दिला नव्हता आणि रिकामी जागा वाईट दिसते, म्हणून मी तिथे माझाच नंबर टाकून ठेवला. नंतर बदलू म्हटलं. या 'नंतर बदलू'वर माझं निम्मं आयुष्य उभं आहे. बोर्ड निघाले, लागले, तपासणी झाली. साहेब लोक बोर्डासमोर उभे राहून फोटो काढून गेले. नंबर कुणी फिरवून पाहिला नाही.

फिरवला तो एका बाईने.

"तक्रार निवारण कक्ष का?" आवाज करकरीत. मला वाटलं, माझा मेव्हणा कुणाकडून तरी चेष्टा करवतोय.

"हो, बोला."

"आपला हुद्दा?"

"कक्ष अधिकारी."

"नाव सांगा."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"आत्ता तर तुम्हीच साहेब होतात."

"मी सहायक कक्ष अधिकारी," मी म्हटलं आणि फोन ठेवून पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर एक बाई उभी. साठीच्या पुढची, बुटकी, फिकट निळी साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याजवळ सेफ्टी पिनेने उलटं लटकवलेलं घड्याळ. "सहायक कक्ष अधिकारी आहेत का?"

आम्ही बोर्डवाले कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि नंबर बारीक अक्षरात टाकतो. म्हणजे एकाच बोर्डावर माझा नंबर दोनदा होता, एकदा ठळक आणि एकदा बारीक. डोळे असलेल्या कुणालाही दिसावा असा. आणि त्या अकरा दवाखान्यांत दोन तर डोळ्यांचेच होते.

"हाई काय शे?" बाईंनी दोन्ही नंबर लिहिलेला कागद माझ्या नाकासमोर धरला.

निकम सिस्टर कळवणकडच्या. सरकारी दवाखान्यांतून आयुष्यभर नोकरी करून रिटायर झालेल्या, सातपूरच्या कॉलनीत एकट्या राहणाऱ्या. एरवी शाळेतल्या बाईंसारखं मराठी बोलायच्या, पण संताप आला की अहिराणी बाहेर पडायची. त्या दिवशी मी पंधरा मिनिटं अहिराणी ऐकली. शेवटी हात जोडून म्हटलं, "सिस्टर, उद्याच्या उद्या सगळे बोर्ड बदलून देतो. खरा नंबर द्या फक्त."

त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली, माझाच फोन घेतला, सरकारी कार्यालयातल्या कक्षाचा खरा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. वाजून वाजून बंद. चार वेळा तसंच. पाचव्या वेळी कुणीतरी उचलला.

"कोण पाहिजे?"

"तक्रार निवारण कक्ष."

"ते दुसऱ्या टेबलला आहे."

"मग त्या टेबलला द्या."

"ते टेबल दुसऱ्या बिल्डिंगमध्ये आहे बाई," आणि फोन बंद.

सिस्टरांनी फोन मला परत दिला. मग म्हणाल्या, "बोर्ड राहू द्या, पेंटर. तुम्ही थापा मारता, पण निदान उचलता तरी."

चुकीच्या नंबराबद्दल त्यांनी त्या कार्यालयाला रीतसर पत्रही दिलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. मला मात्र त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही मिळाली. फोन आला की नाव, गाव, दवाखाना, तक्रार आणि वेळ लिहायची. "आणि 'बघतो' म्हणायचं नाही. 'लिहून घेतलं' म्हणायचं."

लिहिण्यावर त्यांचा भलताच जीव. दवाखान्याच्या काउंटरवरची माणसं पेशंटला 'नाही' म्हणतात ती हवेत म्हणतात. सिस्टर शांतपणे चष्मा लावायच्या. "नाही म्हणताय ना? हरकत नाही. तेवढं लिहून द्या." या वाक्याने भलेभले मॅनेजर पाणी प्यायला उठलेले मी पाहिलेत. घरी-दारी तेच. भाजीवाल्याने मेथी आजचीच आहे म्हटलं की, "लिहून दे." तो बिचारा जुडी बदलून द्यायचा. माझ्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी "आम्हाला काही अपेक्षा नाहीत" म्हटलं, तेव्हा कोपऱ्यात पोहे खात बसलेल्या सिस्टरांनी मान वर केली. मी घाईघाईने चहा पुढे केला म्हणून ते लग्न झालं.

पर्समध्ये टेप असायचा. बोर्ड किती उंचीवर लावलाय ते मोजायचा. एका दवाखान्याने माझा बोर्ड भल्या मोठ्या कुंडीमागे लावलेला. सिस्टरांनी ती कुंडी एकटीने ढकलली, मग बाटलीतलं पाणी झाडाला घातलं. "झाडाची चूक नाही," म्हणाल्या. मग बोर्डासमोर उभ्या राहून सगळे हक्क मोठ्याने वाचले. बाकड्यांवरची माणसं आधी मोबाइलमधून वर बघायची, मग हळूहळू कान द्यायची. रिसेप्शनची मुलगी कावरीबावरी झाली की तिलाच सांगायच्या, "तुझ्यावर नाही गं ओरडत. तू सकाळपासून उभी आहेस, तोही हक्क बोर्डावर हवा होता."

फार प्रेमळ होत्या असं म्हणवत नाही. पेशंटलाही झापायच्या. "सही केली तेव्हा वाचलं का? मग कोणी वाचायचं, मी?" आभार त्यांनी कधी मानले नाहीत आणि कुणाला मानू दिले नाहीत. मला तर त्या दिवसातून दोनदा मूर्ख म्हणायच्या, आणि बहुतेक वेळा त्यांच्याकडे पुरावा असायचा.

एका दुपारी काशिनाथचा फोन आला. तो सुरगाण्याकडचा, सातपूरच्या एका कारखान्यात कामाला. बोर्डासमोरच उभा होता. "साहेब, नंबर बघून लावला. माझी बायको दुसऱ्या दवाखान्यात हाय. लय पिवळी पडलीय. तिथले डॉक्टर म्हनत्यात, आधीच्या आपरेशनचा कागूद आना. न हे देत नाय."

सिस्टर दुकानातच होत्या. "लिहून घेतलं म्हणा," त्या म्हणाल्या आणि बूट घालायला लागल्या.

काशिनाथच्या बायकोचं नाव हिराबाई. पित्ताच्या पिशवीत खडे झाले म्हणून काशिनाथ उभा होता त्याच खासगी दवाखान्यात दुर्बिणीने ऑपरेशन झालं होतं. महिन्याभरात डोळे पिवळे, अंगात ताप, पोटात कळा. आता ती सरकारी दवाखान्यात होती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नीट समजावलं. "आत काय कापलं, चिमटे कुठे लावले, हे ऑपरेशनच्या नोंदीत असतं. ती मिळाली तर नेमकं तिथेच जाता येईल. नाहीतर पोट उघडून शोधत बसावं लागेल."

हिराबाई पडल्या पडल्या ऐकत होती. पस्तिशीची असेल, पण हाताची हाडं मोजता यावीत अशी. म्हणाली, "माझंच प्वाट, न मलाच नाय माहीत आत काय केलं."

सिस्टरांनी ते वाक्य जसंच्या तसं अर्जात घातलं. दवाखान्यात अर्ज दिला, पोच घेतली. मीच छापलेल्या बोर्डावर लिहिलेलं होतं की कागद बहात्तर तासांत मिळतील. बहात्तर तासांनी मॅनेजर म्हणाला, डॉक्टरसाहेब बाहेरगावी आहेत, फाइल त्यांच्या कपाटात आहे.

"म्हणजे देत नाही?"

"तसं नाही हो सिस्टर."

"मग कसं? जसं असेल तसं लिहून द्या."

त्याने लिहून दिलं नाही. मग खऱ्या नंबराच्या कार्यालयात तक्रार. तिथला क्लार्क 'माझंच प्वाट'पाशी अडला. "अर्जात ही भाषा चालत नाही."

"कुठल्या नियमात? लिहून द्या."

त्याने निमूटपणे शिक्का मारला. मला तेव्हा फार गंमत वाटली. आता ते सगळं आठवलं की चीड येते. एक बाई खाटेवर झुरतेय, तिचे कागद एका कपाटात आहेत, कपाटाला किल्ली आहे, कायदा बाईच्या बाजूने आहे, बोर्ड भिंतीवर आहे, आणि आपण क्लार्कची जिरवली म्हणून वडापाव खातोय.

आता माझा पराक्रम.

तक्रारीनंतर आठवड्याभराने दवाखान्यातून काशिनाथला फोन आला, पाकीट तयार आहे, घेऊन जा. तो बायकोच्या खाटेपासून हलू शकत नव्हता. सिस्टरांना सकाळपासून चक्कर येत होती. काशिनाथने माझ्या नावे अधिकारपत्र दिलं. सिस्टरांनी झोपल्या झोपल्या बोट वर करून सांगितलं, "पाकीट उघडायचं. पानं मोजायची. ऑपरेशनची नोंद डोळ्यांनी बघायची. मगच सही. काय सांगितलं?" मी शाळेतल्या मुलासारखं सगळं परत म्हणून दाखवलं.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बसवलं. "अहो, हा बोर्ड तुमचा? काय फिनिशिंग आहे! आपल्या नवीन बिल्डिंगचं सगळं काम तुम्हालाच द्यायचंय." मग मिसळ मागवली. नाशिकच्या माणसासमोर दुपारी बारा वाजता तर्रीची वाटी ठेवली की त्याचं जे होतं ते माझं झालं. पाकीट आलं, छान चिकटवलेलं. शेजारी एक वही. "इथे सही." बोटांना तेल लागलेलं, म्हणून पाकीट खराब होऊ नये असा थोर विचार करून मी ते उघडलं नाही. बोटं पुसली आणि सही मात्र झोकात केली. वर छापलेलं होतं, 'सर्व कागदपत्रे मिळाली.'

तिथून थेट हिराबाईच्या वॉर्डात. पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं, जणू बक्षीस समारंभच. डॉक्टरीणबाईंनी फोडलं. आत डिस्चार्ज कार्ड, जे त्यांच्याकडे आधीपासून होतं. हिराबाईचा अंगठा उठवलेला एक फॉर्म, बाकी कोरा. आणि दवाखान्याचं कॅलेंडर. ते छापून आणून देणारा मीच.

"नोंद कुठे आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काशिनाथ माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी पोट उघडलं. आठ तास लागले. हिराबाई वाचली. पण बरगडीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण, आणि वाकून भात लावायचा नाही, ओझं उचलायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढे परत त्रास होऊ शकतो, ती नोंद मिळवाच. तोवर त्या कार्यालयाचं पत्र आलं होतं. कागदपत्रे दिल्याचे सहीवरून दिसून येते, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

ते पत्र घेऊन मी सिस्टरांकडे गेलो तेव्हा पूर्ण अहिराणीची तयारी करून गेलो होतो. त्यांनी पत्र वाचून बाजूला ठेवलं. चहा केला. खांद्यावरचं घड्याळ काढून किल्ली देत बसल्या. मग म्हणाल्या, "मी वॉर्डात असताना एकदा तापाच्या तक्त्यातली वेळ खोडून दुसरी लिहिली होती. साहेबांनी सांगितलं म्हणून. तोंडी सांगितलं. पुढे त्या पेशंटचा भाऊ विचारायला आला, तेव्हा साहेब म्हणाले, मी कुठे सांगितलं?"

"मग?"

"मग काय. तक्त्यावर अक्षर माझं होतं."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. त्यांनी घड्याळ परत पिनेला लावलं.

"पेंटर, आता तुम्ही लिहून द्या."

मी काय लिहून द्यायचं ते मला कळलं. शपथपत्र करायचं की पाकीट न उघडता सही केली, नोंद मिळालेली नाही. म्हणजे नवीन बिल्डिंगचं काम गेलं. एक दवाखाना गेला की बाकीचे जातात, त्यांच्यात बोलणं असतं. मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी वहीत मीच लिहिलेलं हिराबाईचं नाव दिसलं, गाव, दवाखाना, वेळ. गेलो.

नोटरी म्हणाला, "मिसळीचा उल्लेख आवश्यक आहे का?"

"असू द्या," सिस्टर म्हणाल्या. "खरं आहे ते."

तर सरकारदरबारी मी मिसळ खाऊन सही केल्याची नोंद कायमची आहे. शपथपत्रावर तक्रार पुन्हा उघडली आणि सुनावण्या सुरू झाल्या. पहिल्या तारखेला दवाखान्याचे वकील आले नाहीत. दुसऱ्या तारखेला वकील आले, साहेब दौऱ्यावर. काशिनाथ दर वेळी रजा टाकून यायचा. हिराबाई गावी परतली होती. फोनवर एकच विचारायची, "कागूद आला का?" चिडून मी एकदा सिस्टरांना म्हटलं, "बाई वाचली ना, आता सोडा." त्यांनी चष्मा काढला.

"तिला परत कळा आल्या तर तुम्ही जाणार आहात का आत बघायला?"

सिस्टर आता नाहीत. शेवटच्या तारखेनंतर महिनाभरात कळवणला भाचीकडे गेल्या आणि तिथेच झोपेत गेल्या. भाचीने फाइल मला आणून दिली. नोंद अजून त्या कपाटातच आहे. दवाखान्यांचे बोर्ड माझ्याकडे येत नाहीत आता. सध्या लग्नाचे आणि वाढदिवसांचे फ्लेक्स करतो. जुने अकरा मात्र भिंतींवर तसेच आहेत. बदलायचे तर आधी चुकले होते हे कुणीतरी लिहून द्यायला हवं. फोन येतात. परवा सायखेड्याहून एक म्हातारबाबा बोलत होते, त्यांच्या सुनेचे कागद देत नाहीत म्हणून. ओळीने सगळं विचारलं. वही तिसरी चालू आहे.

पण सिस्टर मला शेवटच्या दिसतात त्या शेवटच्या तारखेच्या.

कार्यालय चौथ्या मजल्यावर. लिफ्टवर 'बंद आहे' चिकटवलेलं, अक्षर भिकार. सिस्टरांचे गुडघे गेलेले. प्रत्येक मजल्यावर त्या कठड्याला टेकायच्या आणि आम्ही दमलोय असं दाखवून काशिनाथ आणि मीही टेकायचो. वर पोचलो तर क्लार्क म्हणाला, "साहेबांची बदली झाली. नवीन साहेब रुजू व्हायचेत. पुढची तारीख पोस्टाने कळवू."

मी काहीतरी वाईट बोलणार होतो. सिस्टरांनी हात वर केला. धाप लागलेली, त्यामुळे वाक्य तुकड्या-तुकड्यांनी आलं. "आज सुनावणी... होणार नाही म्हणता. हरकत नाही. तेवढं लिहून द्या."

क्लार्क तोच, 'प्वाट'वाला. त्याने त्यांच्या पायांकडे पाहिलं, काशिनाथकडे पाहिलं. काय वाटलं कुणास ठाऊक, कागद ओढला आणि लिहून दिलं. आज अर्जदार वेळेवर हजर, अधिकारी उपलब्ध नसल्याने सुनावणी झाली नाही. खाली सही. एवढ्या महिन्यांत आम्हाला कुणी आपल्या हाताने लिहून दिलेलं तेवढंच. काशिनाथने तो कागद दोनदा वाचला, जणू नोंदच मिळाली.

खाली उतरायला अर्धा तास लागला. रिक्षात बसल्यावर सिस्टरांनी फाइल मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि कागद उन्हात धरला. मला वाटलं, आता एकदा तरी 'शाबास' म्हणतील.

"शिक्का कुठाय?"

"सिस्टर, सही आहे ना. चार मजले आहेत हो."

त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "बंद करा गाडी." आणि खांद्यावरच्या घड्याळात वेळ बघत, बुटांची नाडी सैल करून बसून राहिल्या.

मी वर गेलो.